मामाच्या गुडघ्याला टाळ्या

"पडलात तेव्हा झोपेत होतात की जागे, एवढंच सांगा ना! सगळा इतिहास नका सांगू!"

सैनिकी दवाखान्याच्या खिडकीपलीकडचा कारकून असं खेकसला, तेव्हा मामा खरंच विचारात पडला. मामाला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा जुना आजार आहे.

"साहेब, पडेपर्यंत झोपेत होतो. पडल्यावर जागा झालो."

"म्हणजे झोपेत."

"पण पडलो छावणीतच ना."

"छावणीत पडलात, झोपेत पडलात. कामावर असताना नाही पडलात. पुढचा या!"

मी मध्ये बोलणार नाही असं आईला कबूल करून निघालो होतो. पण त्या माणसाने बोलताना तोंडातलं पेनचं टोपण काढलंसुद्धा नव्हतं.

"आणि खालच्या पलंगावर जो होता तो?" मी विचारलं. "तो पण झोपेतच होता. घोरत होता. त्याला कसं सगळं मिळालं?"

"तो कायम सैनिक आहे. कायम सैनिक झोपतो तेव्हाही कामावरच असतो."

"मग घोरण्याचा वेगळा भत्ता देता का त्याला?"

कारकुनाने टोपण काढलं. "हा कोण?"

"भाचा आहे, साहेब," मामा म्हणाला. "जरा तापट आहे."

"शाळेत नाही का जात?"

उत्तर नसलं की लोक हा प्रश्न विचारतात. शाळा मी सोडली. (शाळेचं म्हणणं वेगळं आहे.)

समानता ही फार मोठी गोष्ट आहे. इतकी मोठी की एकट्यादुकट्या माणसाला ती पेलत नाही, म्हणून तिच्यासाठी समिती नेमावी लागते. आमच्या नशिबाने तशी समिती नेमलेली होती आणि ती फार चांगलं काम करत होती. तिच्या कामाबद्दल मी वाईट बोलणार नाही. मी फक्त काय झालं ते सांगतो.

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे करायचा. शिवाय तो राखीव सैनिक आहे. सैनिक दोन प्रकारचे असतात. कायम सैनिक वर्षभर छावणीत असतो. राखीव सैनिक वर्षभर आपलं काम करतो, महिनाभर छावणीत सरावाला जातो आणि पूर आला, आग लागली, सरहद्दीवर गडबड झाली की हातातलं पक्कड-पाना टाकून पळतो. दोघांत भेदभाव मुळीच नाही. गणवेश सारखा. बूट सारखे, आणि ते चावतात तेही सारखेच. केस कापणारा एकच, तो दोघांचेही कान सारखेच भादरतो. उन्हात उभं राहणं समान. ओरडा समान. ज्या ज्या गोष्टीला पैसा लागत नाही ती ती गोष्ट दोघांना अगदी काटेकोर समान मिळते. पगार, दवाखाना, घर आणि पेन्शन एवढ्या चार बारीकसारीक बाबी तेवढ्या राहिल्या होत्या.

आता पलंगाचं सांगतो. छावणीतले पलंग लोखंडी, एकावर एक. खालचा कायम सैनिकाला, वरचा राखीव सैनिकाला, कारण राखीव माणूस महिनाभराचा पाहुणा आणि पाहुण्याला वरचं स्थान द्यावं अशी तिथली रीत आहे. मामाने पहिल्याच दिवशी सांगितलं की या पलंगाचा एक बोल्ट ढिला आहे. लिफ्टवाल्या माणसाला ढिला बोल्ट लांबूनच कळतो. त्याला उत्तर मिळालं की बोल्ट कायम सामानात मोडतो आणि राखीव माणसाने कायम सामानाबद्दल तक्रार करू नये. मामाने तो स्वतःच आवळायचं ठरवलं. पण पाना मागावा तर तोही कायम सामानातच.

मग एका दुपारी, जेवणानंतरच्या विश्रांतीत, पलंग कोसळला. मामा वरून आला तो गुडघ्यावर, आणि उरलेला मामा खालच्या माणसावर. या खालच्या माणसाला मी 'खालचा' म्हणतो, मामाही तेच म्हणतो, कारण त्यांची ओळखच तशी झाली. खालच्याच्या बरगडीला मुका मार लागला. मामाच्या गुडघ्यातून असा आवाज आला, की तो पुन्हा कधी काढून दाखवा असं कोणी म्हणू नये.

रीतसर चौकशी झाली. विश्रांतीच्या वेळेत कायम सैनिक कामावर असतो आणि राखीव सैनिक विश्रांतीवर असतो, असा नियम आहे. विश्रांतीवरचा राखीव सैनिक म्हणजे साधा नागरिक. म्हणून चौकशीचा निष्कर्ष असा निघाला: 'एका निद्रिस्त नागरिकाने उंचावरून कर्तव्यदक्ष सैनिकावर केलेला आघात.' खालच्याला सैनिकी दवाखान्यात खिडकीजवळची खाट मिळाली, भरपगारी रजा मिळाली आणि जखमी वीरांचं पदक मिळालं. मामाला बाहेरच्या दवाखान्यातून पट्टी बांधून मिळाली आणि पुन्हा असं न करण्याची ताकीद मिळाली. (ती त्याने आजवर तंतोतंत पाळली आहे. पलंगावरून सोडा, तो पायरीवरूनही कठडा धरल्याशिवाय उतरत नाही.)

डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन केलं तर गुडघा पूर्वीसारखा वाकेल. नाही केलं तर मामाने बसून करायचं काम शोधावं. आता लिफ्टचं काम बसून होत नाही. लिफ्टची मोटार गच्चीवरच्या खोलीत असते, तिथे शिडीने चढावं लागतं, आणि खाली खड्ड्यात उतरून उकिडवं बसावं लागतं. मामाला दुसरं काही येत नाही. तो, मी आणि आई, आम्ही तिघं त्या एका गुडघ्यावर जेवत होतो. असं ऑपरेशन बाहेर करायचं तर आम्हाला खोली विकावी लागली असती, आणि खोली भाड्याची होती. सैनिकी दवाखान्यात ते फुकट होतं, पण फक्त कायम सैनिकांना.

इथे समिती आली. 'समान वेतन व समान लाभ समिती.' राखीव आणि कायम यांना सगळं सारखं मिळालं पाहिजे, असं तिने पहिल्याच बैठकीत एकमताने ठरवलं. इतकं सोपं काम इतक्या लवकर संपलं तर लोकांना संशय येतो, म्हणून मग तिने अभ्यास केला. अभ्यासात असं आढळलं की राखीव सैनिकाला एक फार मोठा लाभ मिळतो, जो कायम सैनिकाला मिळतच नाही. तो म्हणजे मान.

त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. कायम सैनिक बिचारा छावणीत असतो. तिथे सगळेच सैनिक, कोण कोणाला मान देणार? राखीव सैनिक मात्र वर्षभर लोकांत राहतो. लोक त्याच्याकडे आदराने बघतात. म्हणजे एकाला पगार आणि दवाखाना मिळतो, दुसऱ्याला मान. मानाची किंमत धरली की दोघांची बेरीज जवळपास सारखी येते. उलट राखीव सैनिक थोडे जास्तच घेत होते असं निघालं, पण समितीने मोठ्या मनाने मागची वसुली माफ केली.

मग मानाचा तक्ता तयार झाला. रस्त्यात शेजाऱ्याने आपणहून ओळख दाखवली तर अर्धा मान. बसमध्ये कोणी उठून जागा दिली तर दोन. (देणारा पुढच्याच थांब्यावर उतरणार असेल तर एक.) लहान मुलाने सलाम ठोकला तर एक, मूल तुमचंच असेल तर काही नाही. 'तुम्ही जागे असता म्हणून आम्ही झोपतो' असं कोणी म्हटलं तर पाच. (लोक झोपले तर लोकच राहतात. मामा झोपला की नागरिक होतो.) टाळ्यांना दहा. टाळ्या जर लोकांनी उभं राहून वाजवल्या, तर तो मान एका मध्यम ऑपरेशनच्या तोडीचा धरावा, असं तक्त्याच्या तळाशी लिहिलं होतं.

पण समिती निर्दय नव्हती. ज्या राखीव सैनिकाला लोक पुरेसा मान देत नाहीत त्याच्यावर अन्याय होतो, हे तिला दिसलं. अशा माणसाची मानतूट भरून द्यायची, ती दवाखान्याच्या रूपात. त्यासाठी मान-तपासनीस घरी येऊन खात्री करणार.

मी हे ऐकलं आणि उड्याच मारल्या. कारण मानतूट म्हणाल तर आमच्या मामासारखी तूट सबंध शहरात कोणाची नसेल.

आमची इमारत पाच मजली. मामाचा गुडघा गेला त्याच आठवड्यात आमची लिफ्ट बंद पडली, आणि ती तोवर फुकट दुरुस्त करणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर पाय लांब करून बसला होता. लोक जिना चढताना आमच्या दाराशी धापा टाकायला थांबायचे आणि थांबलेच आहेत तर मामाला बोलून घ्यायचे. चौथ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई म्हणायच्या, "पाय यांचा मोडला, शिक्षा आम्हाला!" इमारतीचे सेक्रेटरी म्हणायचे, "सैनिक म्हणे! एका पलंगावरून पडला नि संपला!" कामचुकार, लंगडं घोडं, सोंगाड्या. मी दोनदा सेक्रेटरींच्या अंगावर धावून गेलो होतो. आता मला वाटलं, बरं झालं मारलं नाही.

"माझ्या भावाला चारचौघांत शिव्या घालायला सांगणार तू?" आई म्हणाली.

"आई, नवीन नाही घालायच्या. रोजच्याच."

मी सेक्रेटरींकडे गेलो. म्हटलं, उद्या सरकारी तपासनीस येणार आहे, तुम्ही मामाला रोज जे म्हणता तेवढंच म्हणा, त्याचं ऑपरेशन होईल, लिफ्ट सुरू होईल.

"आम्ही काय म्हणतो?" सेक्रेटरी म्हणाले.

"लंगडं घोडं."

"छे छे, ते आपलं घरगुती. सरकारी माणसासमोर कसं म्हणणार? इमारतीची काय अब्रू राहील?"

"मग नुसते गप्प बसा."

"बघतो," असं म्हणून त्यांनी दार लावलं, आणि आतून त्यांचा आवाज आला, "अगं, माझा पांढरा शर्ट कुठंय?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण घरी वेगळीच लढाई चालू होती. मामाने गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करून ठेवली होती.

"मामा, मळकी बनियन घाल."

"सरकारी माणूस येणार आणि मी बनियनवर बसू?"

"तुला मान नाहीये असं दाखवायचंय!"

"मान नाहीये ते लोकांकडून नाहीये," मामा बटणं लावत म्हणाला. "मी का माझा कमी करू?"

मी स्टूल जिन्याच्या चौकात ठेवलं, त्याला त्यावर बसवलं आणि वाट बघितली.

मान-तपासनीस आले. सभ्य माणूस. हातात बोटाने दाबायचं एक छोटं यंत्र, प्रवासी मोजायला असतं तसं. तीन मजले चढून ते इतके दमले होते की पहिला मान त्यांनी स्वतःच दिला. मामाने त्यांच्यासाठी स्टुलावरून उठायचा प्रयत्न केला तेव्हा "बसा, बसा" म्हणाले. टिक.

आणि मग वरून आणि खालून दारं उघडली.

सगळी इमारत जिन्यात आली. पांढरे शर्ट, ठेवणीतल्या साड्या, भांग पाडलेली पोरं. सेक्रेटरी पुढे झाले. "साहेब, हे आमच्या इमारतीचं भूषण!" टिक. "हे जागे असतात म्हणून आम्ही झोपतो!" टिक टिक टिक टिक टिक. शिकवणीवाल्या बाईंनी शिकवणीची सगळी पोरं कठड्याला रांगेत उभी केली होती. बाईंनी मान हलवली आणि पोरांनी एका तालात टाळ्या सुरू केल्या. मग मोठ्यांनी. जिन्यात टाळ्या फार घुमतात. आणि जिना असल्यामुळे सगळे उभेच होते.

मी मामाकडे बघितलं.

मामाला कधी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. लिफ्ट चालू असली की लोकांना वाटतं ती आपली आपणच चालते. लिफ्टवाल्याला हाक मारतात ती शिवी देऊनच. मामाने आधी मागे वळून बघितलं, त्याच्या मागे कोण आहे म्हणून. मग त्याला कळलं. त्याने कठडा धरला, दारात भाजी निवडणारी आई "अरे, नको!" म्हणून ओरडली, पण तो उठला. सरळ उठला. टाचा जुळवल्या, तो गुडघा ताठ केला, आणि सलाम ठोकला. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि तोंडभर हसू होतं.

टिक टिक टिक टिक. तपासनिसांचं बोट दुखलं असेल.

"खोटं आहे हे!" मी ओरडलो. "बाई, काल काय म्हणालात यांना? सांगा ना आता! सेक्रेटरी, लंगडं घोडं कोण म्हणालं?"

"बघा हो," बाई तपासनिसांना म्हणाल्या, "स्वतःच्या मामाचा मान या पोराला बघवत नाही."

"घरच्यांनी केलेला अपमान आम्ही धरत नाही," तपासनीस शांतपणे म्हणाले. मग मामाचा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन. मानतूट तर नाहीच, उलट तुमच्याकडे पुष्कळ शिल्लक आहे. आणि गुडघाही छान सरळ होतोय की! ही आनंदाची बाब आहे."

ते गेल्यावर मामाला खाली बसता येईना. मी आणि आईने दोन्हीकडून धरून त्याला स्टुलावर उतरवलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"केवढ्या वाजवल्या रे त्यांनी," तो म्हणाला.

मी त्याचा पाय धरून हळूच लांब केला. बोललो असतो तर घाण बोललो असतो.

सेक्रेटरी अजून तिथेच होते. "मग मामा, लिफ्टचं कधी बघताय? साहेब म्हणालेत, गुडघा चांगला आहे."

समितीचा अहवाल आला तेव्हा त्यात म्हटलं होतं की समानतेचं काम पूर्ण झालं आहे. मात्र आता कायम सैनिकांना मान कमी मिळतो ही नवी विषमता समोर आली असून, त्यांच्यासाठी छावणीत टाळ्या वाजवायला नागरिक पाठवता येतील का, याचा अभ्यास चालू आहे.

अहवालानंतर एका सकाळी खालचा आमच्याकडे आला. दारातच अवघडून उभा राहिला. चांगला धिप्पाड माणूस, पण मामाकडे बघेना. त्याने रुमालात गुंडाळलेलं पदक काढलं.

"हे तुझं आहे," तो म्हणाला. "पडला तू, मी नुसता खाली होतो."

"अरे, तुला लागलं ना."

"काय डोंबल लागलं! आठ दिवस खाटेवर पडून फळं खाल्ली मी. साहेबांना सांगितलं, की तो बोल्टचं पहिल्या दिवसापासून सांगत होता. तर म्हणाले, जखमी वीराने विश्रांती घ्यावी. घे, ठेव हे."

"नको रे," मामा घाईने म्हणाला. "घरात पदक दिसलं तर त्याचेही मान धरतील."

खालचा खो-खो हसायला लागला, मग मामा हसला, मग दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी उठून बाहेर गेलो. मला अशा गोष्टी बघायला आवडत नाहीत.

लिफ्ट शेवटी सुरू झाली. म्हणजे मी केली. मामा तळमजल्यावर स्टुलावर बसतो, कान लावून दोराचा आवाज ऐकतो आणि काय करायचं ते ओरडून सांगतो. मी गच्चीवरच्या खोलीत जाऊन ते करतो. दोन माणसं मिळून एक लिफ्टवाला होतो. (पगार एकाचाच. इथेही समानता आहे.)

आज दुपारी ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत सेक्रेटरी आहेत, शिकवणीवाल्या बाई आहेत आणि बाईंची भाजीची पिशवी आहे. अशा वेळी वर जाऊन मोटारीचा ब्रेक सोडायचा आणि चाक हाताने फिरवून लिफ्ट मजल्याला आणायची, की दार उघडतं. अवघड काम नाही. मी वर निघालोच होतो. पण तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दारापाशी आलो आणि थांबलो. मग उभा राहिलो आणि टाळ्या वाजवायला लागलो.

"अरे कोण आहे? टाळ्या काय वाजवतोस, लिफ्ट हलव!" आतून सेक्रेटरी.

"तुमचा मान करतोय," मी म्हटलं. "उभं राहून. एका मध्यम ऑपरेशनच्या तोडीचा आहे. अजून काय पाहिजे?"

आता ते दार बडवताहेत, आणि मी इथे पायरीवर बसून तुम्हाला हे सगळं सांगतोय. तुम्ही हसलात ना आत्ता? हसा. पण मगाशी मामा सलाम ठोकायला उठला तेव्हा तुमचा गळा दाटून आला का? 'काय माणूस आहे, मानलं पाहिजे!' असं मनात आलं? आलं असेल तर टिक. तोही मानच आहे, आणि तोही त्याच्याच गुडघ्यातून वजा होणार. त्या दिवशी जिन्यात तुम्ही नव्हतात एवढंच. असता तर पांढरा शर्ट तुमच्याकडेही आहे.

थांबा. खालून स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"मामा, बस तिथेच! मी आहे!"

नाही ऐकणार तो. आत माणसं अडकलीत म्हटल्यावर हा मूर्ख कठडा धरून चढायला लागलाय, गच्चीपर्यंत चढेल. निघतो मी.